डॉ. मारिया मॉन्टेसरी : मजूरवस्तीत निघालेली शाळा

जून महिन्यात आमच्या शाळेच्या कचेरीसमोर पालकांची गर्दी असते. गेल्या काही वर्षांत त्या गर्दीत आमचेच जुने विद्यार्थी दिसू लागले आहेत. कोणी एसटीत वाहक आहे, कोणी परिचारिका, कोणी तलाठी. पुतण्याला किंवा भाचीला पाचवीत घालण्यासाठी ते आलेले असतात आणि कडेवर स्वतःचे तीन वर्षांचे मूल असते. मोठ्याचे दाखले, ट्रंक, गादी यांचे सोपस्कार उरकले की हळूच त्या धाकट्याची गोष्ट निघते. तालुक्याच्या गावी मॉन्टेसरी निघाली आहे, फी भारी आहे. तिथे घालावे की वस्तीतल्या अंगणवाडीतच राहू द्यावे, असा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर कचेरीच्या पायरीवर उभ्याउभ्या देत आलो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते एकदा बसून लिहावे असे वाटले.

प्रथम एक कबुली. बरीच वर्षे आम्ही हा प्रश्न उडवून लावत होतो. मॉन्टेसरी म्हणजे बंगल्यातल्या मुलांची शाळा; रंगीत खुर्च्या, गळ्यात टाय आणि इंग्रजी गाणी, अशी आमची समजूत होती. ती आपल्या मुलांसाठी नाही, असे आम्ही ठामपणे सांगत असू. इतिहासाच्या शिक्षकाने मुळाशी न जाता असे निकाल देऊ नयेत. पुढे सवड काढून मॉन्टेसरीबाईंचे चरित्र आणि त्यांचे ग्रंथ वाचले, तेव्हा ध्यानात आले की ही शाळा निघाली तीच मुळी एका मजूरवस्तीत, दिवसभर ज्यांच्याकडे पाहायला घरी कोणी नव्हते अशा मुलांसाठी. तेव्हा उत्तराआधी चरित्र.

मारिया यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील आंकोना प्रांतात, क्याराव्हाले या लहानशा गावी झाला. वडील आलेस्सांद्रो सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. आई रेनिल्दे त्या काळाच्या मानाने बरीच वाचलेली. एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. तेराव्या वर्षी मारियाने मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले, कारण तिला इंजिनिअर व्हायचे होते. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी वडिलांची इच्छा. शिक्षिका सोडून काहीही, असा मुलीचा हट्ट. पुढे इंजिनिअरिंगही मागे पडले आणि वैद्यकाचा ध्यास लागला. वडिलांचा विरोध होता, आईचा पाठिंबा.

रोम विद्यापीठात वैद्यक शिकताना त्यांना जे सोसावे लागले त्यातला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका स्त्रीने उघड्या मृतदेहाचे विच्छेदन करणे सभ्यपणाला धरून नाही, असे ठरल्यामुळे सर्वजण निघून गेल्यावर, संध्याकाळी, एकटीने ते काम करण्याची त्यांना मुभा मिळाली. त्या मृतदेहांच्या सोबतीने एकट्या शिकल्या. वर्गात वेगळे बसवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसणारा एक विद्यार्थी आपणां सर्वांच्या डोळ्यांसमोर असतोच. कारणे निराळी, देश निराळा. पण ज्ञान घ्यायचे तर सर्वांपासून दूर बसून घे, हे सांगण्याची तऱ्हा सारखीच.

10 जुलै 1896 रोजी त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिली स्त्री डॉक्टर असा त्यांचा उल्लेख अनेक पुस्तकांत असतो, तो बरोबर नाही. त्यांच्याआधी काही स्त्रियांनी ही पदवी मिळवली होती. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत त्यांनी समान कामाला समान वेतन मिळावे अशी मागणी मांडली. पुढे विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळात जावे लागे. ज्यांना त्या काळी मंदबुद्धी म्हणत, अशी मुले तेथे मोठ्या माणसांबरोबर डांबलेली असत. एका खोलीत अशी मुले जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे चाचपत होती. देखरेख करणाऱ्या बाईला त्यात हावरटपणा दिसला. मॉन्टेसरींनी खोलीभर नजर फिरवली, तेव्हा त्यांना दिसले की त्या खोलीत हातात धरण्यासारखी दुसरी एकही वस्तू नाही. मुलांची भूक पोटाची नव्हती, हातांची होती.

एवढ्यावरून त्या इतार आणि सेग्यां या दोन फ्रेंच वैद्यांच्या जुन्या ग्रंथांकडे वळल्या. इतारने जंगलात सापडलेल्या एका मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला होता आणि सेग्यांने अशा मुलांसाठी हाताळायची साधने तयार केली होती. 1900 साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली, तिच्या त्या सहसंचालक झाल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली काही मुले सार्वजनिक शाळांच्या परीक्षेत साधारण मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. त्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुले जर इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुले एवढ्यावरच का अडली आहेत? त्यांच्या शाळा त्यांचे काय करीत आहेत?

येथे एक खाजगी गोष्ट सांगणे भाग आहे. त्या संस्थेचे दुसरे संचालक डॉ. ज्युझेप्पे मोन्तेसानो यांच्यापासून त्यांना 31 मार्च 1898 रोजी मुलगा झाला. विवाह झालेला नव्हता, झालाही नाही. लग्न झालेल्या बाईने व्यवसाय सोडणे हीच तेव्हाची रीत होती आणि लग्नावाचून मूल ही गोष्ट उघड झाली असती तर डॉक्टरकी संपली असती. मूल गुप्तपणे खेड्यातल्या एका कुटुंबाकडे ठेवण्यात आले, पुढे निवासी शाळेत. आई अधूनमधून भेटायला येई, पण परकी बाई म्हणून. मोन्तेसानो यांनी 1901 साली दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि मॉन्टेसरींनी ती संस्था सोडली. मुलाचे नाव मारिओ. जगातल्या मुलांचे बालपण जपायला निघालेल्या बाईला स्वतःच्या मुलाचे बालपण दुरून पाहावे लागले. टीकाकार यावर फार बोलतात. आमच्या शाळेत मूल ठेवून फाटकाबाहेर पडणाऱ्या आयांची पाठ आम्ही दरवर्षी पाहतो. मूल दूर ठेवणाऱ्या आईविषयी निकाल देण्याची घाई आम्ही करणार नाही.

आता सान लोरेन्झो. रोमच्या या भागात 1880 नंतर इमारतींचा सुळसुळाट झाला, मग बांधकामाचा धंदा बुडाला आणि अर्धवट राहिलेल्या इमारतींत गोरगरिबांनी आसरा घेतला. एकेका खोलीत अनेक कुटुंबे. पुढे एका गृहबांधणी संस्थेने या इमारती दुरुस्त करून मजुरांच्या कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप पहाटे कामाला जात, मोठी मुले शाळेत. तीन ते सहा वर्षांची मुले जिन्यांवर धुडगूस घालत आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करीत. भिंती पुन्हा पुन्हा रंगवण्याच्या खर्चापेक्षा या पोरांना एका खोलीत बसवणे स्वस्त पडेल, असा हिशेब संस्थेचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी केला आणि ते मॉन्टेसरींकडे आले. जगातल्या एका मोठ्या शैक्षणिक प्रयोगाच्या मुळाशी चुन्याचा आणि रंगाचा खर्च होता. इतिहासात असे पुष्कळदा घडते.

6 जानेवारी 1907 रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरच्या 58 क्रमांकाच्या इमारतीत ती खोली उघडली. तिचे नाव ठेवण्यात आले बालगृह, बालकांचे घर. सुमारे पन्नास मुले. रडकी, बुजलेली, कुपोषित. शिकवायला पदवीधर शिक्षिका नव्हती, त्याच इमारतीतली एक तरुणी होती आणि आमच्या मते हे फार बरे झाले, कारण शिकवण्याच्या ठरीव सवयी तिच्याकडे नव्हत्या. शाळेच्या बाकांसाठी पैसे नव्हते, म्हणून साधी टेबले आणि खुर्च्या आल्या. मॉन्टेसरींनी आपली साधने आणून ठेवली आणि त्या पाहत बसल्या. डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसे. शिक्षक म्हणून आम्हांला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट हीच : गप्प बसून पाहणे.

काय दिसले? सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या मापाच्या भोकांत बसवीत होती. बसवून झाले की सगळे काढून पुन्हा पहिल्यापासून. मॉन्टेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणे म्हणत फिरायला लावले. तिचे लक्ष नाही. ती बसली होती ती खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली. तिने दट्टे मांडीवर सावरून घेतले आणि काम चालू ठेवले. चाळिसाहून अधिक वेळा तिने तेच केले आणि मग झोपेतून उठावे तशी ताजीतवानी, हसतमुख होऊन आपणहून थांबली. लहान मुलाचे चित्त क्षणभरही स्थिर राहत नाही, असे म्हणणाऱ्या साऱ्या जगाला तीन वर्षांच्या त्या मुलीने खोटे पाडले. अट एवढीच होती की काम तिने स्वतः निवडलेले असावे आणि मध्ये कोणी हात घालू नये.

एकदा शिक्षिकेला यायला उशीर झाला आणि साधनांचे कपाट आदल्या दिवशी कुलूप न लावता राहिले होते. ती आली तेव्हा मुलांनी आपापली साधने काढून कामाला सुरुवातही केली होती. तिला ही चोरी वाटली. मॉन्टेसरींनी उलटा अर्थ लावला : मुलांना काय हवे ते त्यांना कळते, तर कपाट कशाला? तेव्हापासून साधने मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या फळ्यांवर ठेवण्यात येऊ लागली. बक्षिसे आणि खाऊ यांचेही तसेच झाले. मुलांनी ती बाजूला सारली आणि काम चालू ठेवले.

आम्हांला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो प्रसंग मात्र एका शेंबडाचा आहे. एके दिवशी मॉन्टेसरींनी मुलांना नाक कसे शिंकरावे, रुमाल कसा धरावा, आवाज न करता ते कसे करावे, हे दाखवले. मुले एकटक पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या चकित झाल्या. मग उलगडा झाला. वाहत्या नाकावरून या मुलांना जन्मभर टाकून बोलले गेले होते. गलिच्छ म्हणून हिणवणारे पुष्कळ होते, पण ते कसे करायचे हे कोणी एकदाही, अपमान न करता, शिकवले नव्हते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ म्हणून दूर ठेवले गेले आणि पाणवठ्यावर मात्र जाऊ दिले गेले नाही, त्या समाजातील वाचकाला या टाळ्यांचा अर्थ आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

अक्षरओळख मॉन्टेसरींच्या मूळ योजनेत नव्हती. ती मागितली आयांनी. स्वतः निरक्षर असलेल्या त्या बायकांनी मुलांना लिहायला-वाचायला शिकवा, अशी गळ घातली. मग पॉलिश कागदाची खरखरीत अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली गेली. मुले त्यांवरून बोट फिरवीत, त्याचा उच्चार करीत. सुट्या अक्षरांचे शब्द जुळवीत. काही महिन्यांनी, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, गच्चीवर एक मुलगा खडूने धुराड्याचे चित्र काढत होता. चित्र झाल्यावर त्याने एक शब्द लिहिला, मग आणखी एक, आणि आपल्याला लिहिता येते या शोधाने तो ओरडतच सुटला. पाठोपाठ इतर मुलेही लिहू लागली. इटालियन भाषेत अक्षर आणि उच्चार यांचे नाते सरळ असते. आपल्या मराठीतही ते बरेचसे तसेच आहे. म्हणूनच तीन-चार वर्षांच्या मराठी मुलाला इंग्रजी स्पेलिंगने सुरुवात करायला लावणे आम्हांला अन्यायाचे वाटते. असो.

1909 साली त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही पद्धत जगभर गेली. जाताना ती मजुरांच्या चाळीतून दिवाणखान्यात गेली, हे मात्र नोंदले पाहिजे. अमेरिकेत टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या घरी अशी शाळा निघाली. डिसेंबर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मॉन्टेसरींचे व्याख्यान झाले. त्याच डिसेंबरात बाबासाहेब त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. याला योगायोगापलीकडे अर्थ देण्याचा आमचा हेतू नाही, पण तो नोंदवल्याशिवाय राहवत नाही. त्याच विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक किलपॅट्रिक यांनी 1914 साली या पद्धतीवर सडकून टीका केली : साधने ठरलेली, त्यांची रीत ठरलेली, मुलाच्या कल्पनाशक्तीला आणि एकमेकांत मिसळून खेळण्याला वाव कमी. अमेरिकेतली लाट त्यानंतर लवकरच ओसरली. त्या टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. काठीचा घोडा करणारे, बाहुलीचे लग्न लावणारे मूल या वर्गात थोडे अवघडते.

1912 च्या अखेरीस मॉन्टेसरींची आई वारली आणि त्यानंतर लवकरच पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहायला आला. जगाला त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा अशी करून देण्यात येई. तेव्हापासून अखेरपर्यंत तो त्यांच्या कामाचा उजवा हात राहिला.

पुढची वर्षे झपाट्याने सांगतो. बार्सेलोना, लंडन, ॲमस्टरडॅम, ठिकठिकाणी शिक्षकवर्ग. 1924 पासून इटलीत मुसोलिनीने त्यांच्या शाळांना सरकारी आश्रय दिला आणि त्यांनी तो घेतला. हुकूमशहाचा हात धरून मुलांचे स्वातंत्र्य वाढवता येईल असा त्यांचा हिशेब असेल, तर तो चुकला. 1934 साली इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद पडल्या, जर्मनीत नाझींनीही बंद केल्या. थोर व्यक्तींच्या चरित्रातले असे दहा वर्षांचे पान दुमडून ठेवण्याची पद्धत आम्हांला मान्य नाही.

1931 च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या निमित्ताने लंडनमध्ये असलेल्या म. गांधींनी त्यांच्या शिक्षकवर्गाला भेट दिली. खेड्यापाड्यांतल्या कोट्यवधी गरीब मुलांपर्यंत हे कसे पोचावे, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. 1939 च्या नोव्हेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून एकोणसत्तर वर्षांच्या मॉन्टेसरी मारिओसह मद्रासजवळ अड्यारला आल्या. सुमारे तीनशे शिक्षक शिकायला जमले. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. वृद्ध बाईंना अड्यारच्या आवारात राहू देण्यात आले. मारिओला पाठवण्यात आले आपल्या अहमदनगरच्या स्थानबद्धांच्या छावणीत. पुन्हा एकदा आईपासून मुलगा दूर. 31 ऑगस्टला त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयकडून मारिओच्या सुटकेचा संदेश आला आणि त्यात त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा होता. बेचाळीस वर्षे जे जगासमोर उघडपणे म्हणता आले नव्हते, ते एका सरकारी तारेने म्हटले.

युद्धामुळे त्या येथेच अडकल्या. दोन वर्षे कोडाईकॅनॉलला होत्या. भारतातल्या व्याख्यानांतून जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाविषयीचा त्यांचा एक महत्त्वाचा ग्रंथ तयार झाला आणि 1949 साली तो अड्यारहूनच प्रथम प्रसिद्ध झाला.

पण खेड्यातल्या गरीब मुलाचा प्रश्न आपल्याकडे सोडवला तो महाराष्ट्राच्या एका बाईने. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात हे शास्त्र शिकल्या, 1926 साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्या होत्या आणि 1945 साली ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला त्यांनी काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्याच्या अंगणात गेली. अंगणवाडी हे नाव तेथून आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. सान लोरेन्झोत सुरू झालेली गोष्ट अशी फिरून पुन्हा आपल्या घरी आली. वस्तीतल्या अंगणवाडीला नाक मुरडून तालुक्याच्या मॉन्टेसरीकडे धावणाऱ्या पालकांना हे नाते ठाऊक असावे.

तर आता पायरीवरचा प्रश्न. मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. ज्याला वाटेल तो ते फलकावर लिहू शकतो. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही अशी एक शाळा पाहायला गेलो होतो. गुलाबी मनोरा होता, दट्टे होते, सारे काही होते. काचेच्या कपाटात, कुलपात. चार वर्षांची मुले ओळीत बसून चार रेघी वहीत अक्षरे गिरवीत होती. मुलांनी साधने हाताळली तर हरवतील, असे आम्हांला सांगण्यात आले. 1907 सालच्या त्या उघड्या राहिलेल्या कपाटाची आम्हांला आठवण झाली. त्या विद्यार्थ्याने वर्षभराची फी आधीच भरली होती.

म्हणून आम्ही आता पालकांना सांगतो, की फलक वाचू नका, एक सकाळ मागच्या भिंतीशी बसून या. बसू देत नसतील तर तेच उत्तर समजा. मूल उठून स्वतःच्या हाताने साधन घेते का आणि जागेवर ठेवते का? एखादे मूल कामात बुडाले असताना बाई त्याला उठवून सर्वांबरोबर टाळ्या वाजवायला लावतात का? तीन वर्षांचे आणि पाच वर्षांचे मूल एका वर्गात आहे का, की धाकट्याला थोरल्याकडे पाहून शिकता येईल? सांडलेले पाणी मुलाला पुसू देतात, की आयाला हाक मारतात? मुलाशी त्याच्या घरच्या बोलीत बोलले तर चालते ना? हे तेथे असेल आणि फी कर्ज न काढता झेपत असेल, तर जरूर घाला. नसेल, तर ताजे शिजवलेले अन्न देणारी, घरापासून हाकेच्या अंतरावरची अंगणवाडी अधिक बरी. आणि बाकीचे घरी करा. डाळ-तांदूळ निवडणे, बटणे लावणे, छोट्या तांब्याने पाणी ओतणे, भाकरीचा उंडा थापणे, यांना फी लागत नाही.

मूलही पाहावे लागते. एकट्याने तासन्‌तास काही जुळवीत बसणारे, घाई केली की बिथरणारे मूल अशा वर्गात फुलते. चार जणांत आरडाओरडा, सोंगे, गोष्टी यांवर जगणाऱ्या मुलाला तेथील शांतता आरंभी जड जाते. काही त्यात रमतात, काही रमत नाहीत आणि दोघांतही दोष नाही. शिवाय सहाव्या वर्षी ज्या प्राथमिक शाळेत जायचे तेथे पन्नास मुले एका वर्गात असतील, घंटा वाजली की काम टाकून उठावे लागेल, याची तयारी आईबापांनी ठेवली पाहिजे. हात वर करून लघवीला जाण्याची परवानगी मागणे काही मुलांना प्रथम समजतच नाही. आमच्याकडे पाचवीत आलेल्या मुलांतही हा फरक कधी कधी दिसतो. काही मुले प्रश्नपत्रिका मिळेपर्यंत बसून राहतात. काही मुले तोवर ग्रंथालयाच्या फळ्या लावून टाकतात.

युद्ध संपल्यावर मॉन्टेसरी 1946 मध्ये युरोपला परतल्या, पुन्हा भारतात येऊन गेल्या. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी तीन वर्षे त्यांचे नाव सुचवले गेले, मिळाले नाही. पुढे इटलीने आपल्या हजार लिरांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. श्रीमंतांच्या शाळांवर ज्यांचे नाव लागले, त्यांचा चेहरा असा रोजच्या बाजारहाटाच्या नोटेवर आला, हे आम्हांला आवडते.

6 मे 1952. हॉलंडच्या समुद्रकाठी नोर्डवाइक गावी, एका स्नेह्यांच्या घरी, मारिओ त्यांच्याजवळ होता. आफ्रिकेत नव्याने स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या एका देशातून, आजच्या घानातून, शिक्षक तयार करण्यासाठी बोलावणे आले होते. तेथील मुलांना आपली सर्वांत जास्त गरज आहे, तेव्हा जायलाच हवे, असे एक्याऐंशी वर्षांच्या बाईंचे म्हणणे. तिथले ऊन सोसणार नाही, आपण जाऊन येऊ, असे मुलगा समजावीत होता. आता आपला काही उपयोग उरला नाही का, असे त्यांनी काहीशा रागाने विचारले. त्यानंतर तासाभरात त्या गेल्या. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी मारिओचा उल्लेख मुलगा असा केला होता.